सॉल्टबीच्या पिअरवरचा नारळ

बाहुल्याने बायकोच्या टाळक्यात दांडका घातला आणि वाळूवर बसलेली पोरं खदाखदा हसली.

“ती त्याची कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“बायको,” धाकूकाका म्हणाले.

“आनि मगाशी खाली फेकलं ते?”

“ते त्यांचं पोर. रडत होतं म्हणून फेकलं.”

सासूबाई बघत राहिल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा उभा तंबू, त्याला वर एक खिडकी, आणि खिडकीत लाल नाकाचा, चिरक्या आवाजात ओरडणारा तो बाहुला. आता त्याच्यासमोर निळ्या टोपीचा दुसरा बाहुला आला.

“हा पोलीस,” काका म्हणाले. “ह्यालापण मारणार बघा.”

“पोलिसाला?”

“सगळ्यांना मारतो. शेवटी मगर येते. लय जुना खेळ हाय, वहिनी. इकडची पोरं ह्यावरच वाढतात.”

“मगर तरी खाते का त्याला?”

“नाय. तिलापण बडवतो.”

पोलीस आडवा झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढला.

“चला,” त्या म्हणाल्या. “भरती कधी हाय?”

त्या भरतीसाठीच आम्ही तिघं लेस्टरहून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या सॉल्टबी गावात आलो होतो. ऑगस्टअखेरच्या सुट्टीचा शनिवार होता आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमा नेमकी त्याच दिवशी आली होती. माझा नवरा दामोदर एका तेलवाहू जहाजावर इंजिनिअर होता. इराण-इराक युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, आखातात, त्याच्या जहाजाला क्षेपणास्त्र लागलं. जहाज पेटलं. माणसं दोन होड्यांतून उतरली. एक होडी दुसऱ्या दिवशी सापडली. दामोदर दुसरीत होता. कंपनीचा माणूस फोनवर, मलाही आणि वेसाव्याच्या घरीही, दर वेळी तेच सांगायचा, शोध चालू आहे.

सासूबाई वेसाव्याच्या. उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आल्या होत्या. दामोदर शाळेत असताना सासरे वादळात गेले. त्यांची होडी परत आली, ते आले नाहीत. त्यानंतर सासूबाईंनी डोक्यावर पाटी घेतली आणि मासळी विकून पोराला इंजिनिअर केलं. दर नारळी पौर्णिमेला मात्र त्या किनाऱ्यावर जायच्या आणि बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मागे उभ्या राहायच्या.

होडी हरवल्याचं कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. दर्याला नारळ गेला पाहिजे. वेसाव्याहून कोणी दिलेला चालणार नाही, आपल्या घरातून गेला पाहिजे. तो कसा द्यायचा हेही त्यांनी मला पुन्हा पुन्हा शिकवलं होतं. नारळ अखंड हवा. शेंडी हवी. सुवासिनीने हळदकुंकू लावायचं, ओवाळायचं आणि ओंजळीतून अलगद पाण्यात सोडायचा.

“फेकायचा नाय,” त्या बजावायच्या. “दगड नाय तो. पोराला पाळण्यात ठेवतो तसा ठेवायचा. मी मागं उभी राहीन. माझा हात नको त्याला.”

मी अपघात विभागात नर्स होते. माझा या गोष्टींवर विश्वास होता असं म्हणता येणार नाही. पण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून शेंडीचा नारळ आणला, त्याला सोनेरी कागद लावला आणि लाल खणात बांधला.

सकाळी निघण्याआधी वेसाव्याहून फोन आला. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा सासूबाई फोनशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या.

“कोणाचा होता?”

“पांडूचा. सणाचा. होड्या रंगवल्या म्हणाला.”

पांडू त्यांचा भाचा. पहाटे उठून त्यांनी केलेला नारळीभात ओट्यावर तसाच झाकलेला होता. मी पान घेऊ लागले तर म्हणाल्या, “तू खा. मला उपास हाय.” नारळी पौर्णिमेला उपास मी कधी ऐकला नव्हता, पण त्या दिवसांत त्यांनी कितीतरी देवांना काय काय बोललेलं होतं. मी विचारलं नाही.

धाकूकाका हे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. जहाजावर भंडारी, म्हणजे आचारी, म्हणून इंग्लंडला आले आणि लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यात राहिले ते राहिलेच. दर उन्हाळ्यात ते सॉल्टबीला यायचे. हे गाव म्हणजे जणू त्यांच्या मालकीचं, अशा थाटात ते आम्हाला फिरवत होते. भाड्याच्या कापडी आरामखुर्च्या, त्यांत कोट घालून ऊन खाणारी म्हातारी माणसं, व्हिनेगरचा वास मारणारे बटाट्याचे काप, यंत्रांचा खणखणाट चाललेले खेळांचे हॉल, आणि या सगळ्याच्या मध्यातून समुद्रात घुसलेला लांबच लांब लाकडी पिअर. काकांनी मला आतून शेवटपर्यंत गावाचं नाव असलेली गुलाबी साखरेची कांडी घेऊन दिली. वाळूवर मुलांना फिरवणारी गाढवं ओळीने उभी होती.

“बसता का, वहिनी?” काकांनी विचारलं.

“वरात काढतोस का धिंड?” सासूबाई म्हणाल्या.

सकाळपासून त्यांनी केलेली ही पहिली थट्टा होती. काका इतके खूश झाले की पिअरच्या दारापर्यंत हसत राहिले.

दारापाशी तीन पोरं कठड्याला टेकून बिअर पीत होती. भादरलेली डोकी, आखूड विजारी, वरपर्यंत नाड्या आवळलेले जाड बूट. त्यांतल्या उंच पोराच्या मानेवर कोळीकिड्याचं जाळं गोंदलेलं होतं. त्याने आधी सासूबाईंच्या नऊवारीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लाल गाठोड्याकडे.

“काय आहे त्यात, पाकी? कोणाचं मुंडकं?”

“चालत राहा,” काका मराठीत म्हणाले. “बघू नका त्यांच्याकडं.”

आम्ही चालत राहिलो. उंच पोरगा एका उडीत पुढे आला आणि त्याने गाठोडं हिसकावलं. गाठ सुटली. सोनेरी कागदातला नारळ फळ्यांवर पडून गडगडत गेला. दुसऱ्याने तो बुटाने अडवला आणि तिसऱ्याकडे लाथाडला. तिघं चेंडू खेळावा तसे खेळू लागले.

“ओ साहेब,” काका इंग्रजीत म्हणाले. हात त्यांनी पुढे केले होते, मागितल्यासारखे. “ती प्रार्थनेची वस्तू आहे. द्या, प्लीज.”

उंच पोराने नारळ उचलला. “प्रार्थना?” त्याने विचारलं आणि तो नारळ दोन्ही हातांनी काकांच्या कपाळावर मारला.

काका गुडघ्यावर बसले. त्याने पुन्हा मारला. दुसऱ्या फटक्याला नारळ फुटला. भुवईच्या वर कातडी उघडली होती. नारळाचं पाणी आणि रक्त एकत्र होऊन काकांच्या पांढऱ्या शर्टावर उतरलं. मग बाकीचे दोघं लाथा घालायला लागले. एक बरगड्यांत, एक पाठीत, आळीपाळीने, घाई न करता. मी एकाची कॉलर धरून ओढली तर त्याने मागे न बघता कोपर मारलं. ते माझ्या ओठावर बसलं. मी कठड्यावर आपटले. काकांचं हाड मोडल्याचा आवाज मला तिथून ऐकू आला. वाळलेली काटकी मोडते, तसा.

माणसं उभी होती. आइस्क्रीमचा कोन धरलेल्या एका गृहस्थाने मुलीचं तोंड दुसरीकडे वळवलं. “अरे, पुरे करा आता,” एक बाई ओरडली. वाळूवर पुढचा खेळ सुरू झाला होता. बाहुल्याचा चिरका आवाज इथवर येत होता आणि मुलं हसत होती.

सासूबाई हलल्या नाहीत. त्या फुटलेल्या नारळाकडे बघत होत्या.

पोरं दमली तशी थांबली. उंच पोराने करवंटीतला खोबऱ्याचा तुकडा उचलला, चावला आणि काकांच्या अंगावर थुंकला. मग ते तिघं रमतगमत गर्दीत गेले.

दोन माणसांनी काकांना प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाला कापसाचं पाकीटच उघडेना, म्हणून जखम मीच साफ केली. खांद्याचं हाड मोडलं होतं. बरगड्या बहुधा दोन. श्वास बरोबर चालू होता, डोळ्यांच्या बाहुल्या एकसारख्या होत्या, स्वतःचं नाव नीट सांगत होते. एक तरुण पोलीस आला. त्याने टोपी काढून काखेत धरली.

“तुम्ही त्यांना काही बोललात का?”

“प्लीज म्हणालो,” काका म्हणाले.

“त्याआधी?”

काकांनी डोळे मिटले. मग मला जवळ बोलावलं. “भरती लागली असल, कुमुद. नारळाचं काय?”

“काका, गप्प पडा.”

“वहिनी कुठं हाय?”

मी मागे पाहिलं. सासूबाई खोलीत नव्हत्या.

त्या मला पिअरवर सापडल्या, नारळ पाडायच्या खेळापाशी. हा खेळ मी तिथे आधी पाहिला नव्हता. मागे ताडपत्री, पुढे दोरी, आणि मध्ये उंच खुंट्यांवर वाटीत बसवलेले नारळ. लाकडी चेंडू मारायचे. नारळ पाडला की तुमचा. सासूबाई दोरीपाशी उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, चपला बाजूला काढलेल्या, डाव्या हाताच्या कोपरात मालकाने दिलेले चेंडू. आजूबाजूला घोळका जमला होता.

“ह्याला सांग, एक दे म्हनून,” त्या मला बघून म्हणाल्या. “मगाचपासून सांगतेय. ऐकत नाय.”

खेळाचा मालक जाडजूड, लालबुंद चेहऱ्याचा माणूस होता. मी विचारलं. “विकत नाही, बाई,” तो म्हणाला. “पाडायचा. नियम आहे. एकाला विकला तर खेळ कोण खेळेल?”

मी ते सांगितलं.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चेंडू मारला. आयुष्यभर बंदरावर जाळी, दोर आणि टोपल्या फेकलेला तो हात होता. चेंडू नारळाच्या बरोबर मध्यावर बसला. खाडकन आवाज झाला. नारळ वाटीत हलला, पण पडला नाही. दुसरा चेंडू त्याच जागी बसला. नारळ तिथेच. वाटी आतून इतकी घट्ट होती की सरळ मारलेल्या चेंडूने काही होत नव्हतं. घोळक्यात कोणी शिट्टी वाजवली. मालकाने नजर खाली घेतली.

तेव्हाच मला जाळ्याची मान दिसली. तो उंच पोरगा पलीकडून आला आणि दोरीवर वाकून उभा राहिला. बाकीचे दोघं त्याच्यामागे. त्याने टीशर्ट ओढून डोक्यावर पदरासारखा घेतला, कंबर हलवली आणि बायकी आवाजात काहीतरी बडबडला. काही लोक हसले. मग तो काकांसारखे हात पुढे करून म्हणाला, “प्लीज! प्लीज!”

“आई, चला,” मी म्हणाले.

सासूबाईंनी तिसरा चेंडू हातात फिरवला. नारळाकडे पाहिलं. मग टाच फिरवली आणि चेंडू त्या पोराला मारला.

तो तोंडावर बसला. इतक्या जवळून की हवेत दिसलासुद्धा नाही. खाडकन तोच आवाज झाला, जो नारळाचा झाला होता. पोरगा उभ्या उभ्या मागे गेला आणि फळ्यांवर बसला. हात तोंडाशी नेला, ओंजळ भरली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि पुढच्या दातांच्या जागी काही नव्हतं. तो रडायला लागला. अगदी लहान मुलासारखा, श्वास अडकत अडकत. त्याच्या मित्रांपैकी एक सासूबाईंच्या दिशेने निघाला. त्यांनी चौथा चेंडू उचलला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो थांबला.

कोणी हसत नव्हतं.

त्या पुन्हा दोरीकडे वळल्या. या वेळी त्यांनी सरळ मारला नाही. चेंडू हाताखालून, तिरपा गेला आणि नारळाच्या बुडाला लागला. नारळ वाटीतून उडाला आणि ताडपत्रीवर आदळून खाली पडला.

मालक स्वतः वाकला. नारळ उचलून त्याने सासूबाईंना दिला आणि मला हलकेच म्हणाला, “पोलीस येतील. मला काही दिसलं नाही. पण इतक्या लोकांना दिसलंय.”

सासूबाईंनी नारळ सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं. तडा नव्हता.

“शेंडी नाय,” मी म्हणाले.

“आज चालंल.”

आम्ही पिअरच्या टोकाकडे निघालो. त्या इतक्या भराभर चालत होत्या की मला जवळजवळ पळावं लागत होतं. माझा ओठ सुजला होता, तोंडात रक्ताची चव होती. फळ्यांच्या फटींतून खाली आधी वाळू दिसत होती, मग फेस, मग हिरवंकाळं पाणी. भरतीला जोर होता. लाटा लोखंडी खांबांवर आदळत होत्या आणि दर धक्क्याला फळ्या पायाखाली थरथरत होत्या. टोकाला गळ टाकून बसलेली दोन माणसं होती. आमच्याकडे बघून त्यांनी सामान बाजूला ओढलं.

खाली उतरायला लोखंडी जिना होता. त्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या. तिथून नारळ अलगद सोडता आला असता. मी पर्समधून कुंकवाची पुडी काढली.

“द्या,” मी म्हणाले आणि ओंजळ पुढे केली.

सासूबाईंनी नारळ दिला नाही. माझ्या ओंजळीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. मग त्या कठड्यापाशी गेल्या, एक पाय मागे घेतला आणि तो नारळ समुद्राला मारला. मघाशी त्या पोराला चेंडू मारला होता तसाच, सगळ्या अंगाचा जोर लावून.

“घे!” त्या ओरडल्या. “घे, खा! आजून किती खाशील?”

गळवाली माणसं उठून उभी राहिली. नारळ एका लाटेच्या अंगावर आदळला आणि दिसेनासा झाला.

मी तिथेच उभी होते, पुडी हातात धरून. अपघात विभागात काम करणाऱ्याला काही गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत. पडदा सारून डॉक्टर बाहेर येतो, त्याच्या चालीवरूनच कळतं.

“पांडूने काय सांगितलं, आई?”

त्या कठडा धरून पाण्याकडे बघत होत्या. कमरेला खोचलेला पदर सुटून वाऱ्यावर फडफडत होता.

“दुसरी होडी गावली.”

“आणि?”

“सगळे होडीतच होते.” त्यांनी श्वास घेतला. “एक बी पान्यात पडला नवता. तसेच बसलेले होते म्हनं.”

खाली खांबांवर पाणी आपटत होतं.

“मला सकाळीच का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर सुतक लागलं असतं. सुतकात नारळ देत नाय.” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. “दादल्याला खाल्लं तरी मी ह्याला दर साली दिला. लोकांच्या हातून, मागं उभी राहून, गोड बोलून दिला. आज मला माझ्या हातानं द्यायचा होता. असा.”

मी कपाळाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट होती की पुढे काही दिवस तिथे वळ होता.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “घरी जाईपर्यंत ऱ्हाऊ दे.”

खालून ठक असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मी वाकून पाहिलं. नारळ बुडाला नव्हता. भरतीने तो परत आणला होता आणि प्रत्येक लाटेबरोबर तो पिअरच्या खांबावर आपटत होता. सासूबाईंनीही पाहिलं.

फळ्यांवर पावलं वाजली. मघाचा तरुण पोलीस येत होता. त्याच्याबरोबर आणखी एक, वयाने मोठा. तरुणाने माझा सुजलेला ओठ पाहिला, मग सासूबाईंकडे पाहिलं. एवढीशी, अनवाणी, नऊवारीतली बाई बघून तो गोंधळला असावा.

“मॅडम,” तो मला म्हणाला, “त्या मुलाला चेंडू लागलाय. तो यांच्या हातून निसटला असेल, असं मला वाटतं. तसंच झालं ना? अपघात होता ना?”

तो वाट देत होता, हे मला कळलं.

“काय म्हनतो?” सासूबाईंनी विचारलं.

“चेंडू हातून निसटला का, असं विचारतोय. चुकून लागला का.”

त्यांनी सुटलेला पदर पुन्हा कमरेला खोचला.

“सांग त्याला,” त्या म्हणाल्या, “नेम धरून मारला.”

खाली नारळ खांबावर आपटला. मी पोलिसाकडे वळले आणि त्या म्हणाल्या तसं, एकही शब्द न बदलता, त्याला सांगितलं.